1971 ची मध्यावधी आणि 1977 ची लांबवलेली निवडणूक

1977 च्या लोकसभा निवडणुकीला ‘मध्यावधी’ म्हटलेले मी इतक्या ठिकाणी वाचले आहे की आता तो शब्द दिसताच पुढचे वाचवत नाही. मध्यावधी होती ती 1971 ची. दोन्ही वेळी इंदिरा गांधी पंतप्रधान होत्या, दोन्ही वेळी त्यांच्या सल्ल्यावरून राष्ट्रपतींनी लोकसभा विसर्जित केली, मतदान मार्चमध्ये झाले आणि रायबरेलीत त्यांच्यासमोर राजनारायणच उभे होते. निकाल तर सर्वांना पाठ आहेत: 1971 मध्ये काँग्रेसला 352 जागा, 1977 मध्ये 154 आणि केंद्रात जनता पक्षाचे सरकार. त्यावर अधिक लिहिण्याचे कारण नाही.

खरा घोटाळा ‘मुदत’ या शब्दात आहे. संविधानाच्या अनुच्छेद 83 ने लोकसभेला पाच वर्षांची मुदत दिली आहे. मार्च 1967 मध्ये अस्तित्वात आलेली चौथी लोकसभा 27 डिसेंबर 1970 रोजी विसर्जित झाली. काँग्रेस फुटल्यामुळे अल्पमतात आलेल्या सरकारने, मतदारांनी दिलेल्या पाच वर्षांपैकी सुमारे चौदा महिने शिल्लक असताना, नवा कौल मागितला. मध्यावधी म्हणतात ती याला. पाचव्या लोकसभेची पाच वर्षे मार्च 1976 मध्ये संपली, आणि तेव्हा निवडणूक झालीच नाही. आणीबाणीची घोषणा अमलात असेल तर संसदेला कायदा करून ही मुदत एका वेळी जास्तीत जास्त एक वर्षाने वाढवता येते, अशी तरतूद त्याच अनुच्छेदात आहे. तिचा आधार घेऊन संसदेने फेब्रुवारी 1976 मध्ये एक वर्षाची आणि नोव्हेंबरमध्ये आणखी एक वर्षाची मुदतवाढ मंजूर केली. भरीस भर म्हणून 42 व्या घटनादुरुस्तीने लोकसभेची मूळ मुदतच सहा वर्षांची केली. ती पुन्हा पाचवर यायला 44 वी दुरुस्ती व्हावी लागली.

18 जानेवारी 1977 रोजी निवडणुकीची घोषणा झाली तेव्हा वाढीव मुदत मार्च 1978 पर्यंत होती, म्हणून ‘मुदतीआधी निवडणूक’ हा शब्दप्रयोग रूढ झाला. तो वापरणारे कायद्याच्या अंगाने चुकत नाहीत, पण मुदत कोणती हे ते सांगत नाहीत, आणि माझा सारा आक्षेप तिथेच आहे. मतदारांनी दिलेली पाच वर्षे तेव्हा सरून दहा महिने झाले होते. त्यापुढचा काळ संसदेने स्वतःच मंजूर करून घेतलेला होता, आणि तोही विरोधी पक्षांचे कितीतरी नेते तुरुंगात असताना. एका निवडणुकीत सरकार मुदत शिल्लक ठेवून मतदारांकडे गेले, दुसरीत मुदत उलटून गेल्यावर; या दोहोंना एकच नाव देणे मला मान्य नाही. मधु लिमये आणि शरद यादव यांना हा फरक त्याच वेळी पुरता उमगला होता. पाच वर्षांसाठी दिलेला कौल संपला, आता खासदार म्हणून राहण्याचा अधिकार उरला नाही, या भूमिकेतून दोघांनीही तुरुंगात असतानाच लोकसभेच्या सदस्यत्वाचा राजीनामा दिला.

‘आणीबाणी उठवून निवडणुका घेतल्या’ हे वाक्यही असेच सरसकट लिहिले जाते. जानेवारीत बंधने शिथिल झाली आणि अनेक नेते सुटले, एवढेच खरे आहे. मतदान 16 ते 20 मार्च या दिवसांत आणीबाणी अमलात असतानाच झाले, आणि जून 1975 मध्ये पुकारलेली ही आणीबाणी 21 मार्चला मागे घेण्यात आली.

मी 1977 साठी ‘लांबवलेली निवडणूक’ असेच लिहितो. चौथी लोकसभा सुमारे तीन वर्षे दहा महिने चालली. पाचवी पाच वर्षे दहा महिने, आणि तिच्याइतकी दीर्घकाळ दुसरी कोणतीही लोकसभा चाललेली नाही.