नेट बंद पडल्यास : कमांड प्रॉम्प्टवरून करावयाची प्राथमिक तपासणी

“नेट चालत नाही” या एका तक्रारीमागे निदान चार वेगवेगळे दोष असू शकतात. संगणकाला नेटवर्कवरचा पत्ता (त्याचा ओळख क्रमांक) मिळालेला नसतो, राउटरपर्यंतची जोडणी तुटलेली असते, सेवा पुरवठादाराची बाहेरची लाइन बंद असते, किंवा हे सगळे ठीक असूनही संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधता येत नसतो. यांपैकी बाहेरच्या लाइनचा दोष आमचा तंत्रज्ञ दुरुस्त करू शकत नाही. तरीही त्याच्या फेरीचे शुल्क आपल्याला द्यावे लागते. म्हणून दोष कार्यालयाच्या आत आहे की बाहेर, एवढे आपल्याला स्वतःच ठरवता यावे, या हेतूने हे पत्रक तयार केले आहे.

येथील माहिती विंडोज संगणकांसाठी आहे. विंडोजचे बटण दाबून ठेवून ‘आर’ दाबावे, उघडलेल्या चौकटीत सी-एम-डी ही अक्षरे लिहून एंटर दाबावे, म्हणजे काळी खिडकी (कमांड प्रॉम्प्ट) उघडते. तिच्यातील आज्ञा लहान इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत द्याव्यात; आज्ञा आणि तिच्यापुढील मजकूर यांमध्ये एक जागा मोकळी सोडावी. पुढे दिलेल्या बहुतेक आज्ञा केवळ माहिती दाखवतात. ज्या बदल घडवतात त्यांचा तसा स्पष्ट उल्लेख केला आहे.

पहिली आज्ञा ‘आयपीकॉन्फिग’, म्हणजे आय-पी-सी-ओ-एन-एफ-आय-जी. उत्तरात ‘आयपीव्ही-४ अ‍ॅड्रेस’ आणि ‘डिफॉल्ट गेटवे’ या दोन ओळी शोधाव्यात. छोट्या कार्यालयांत पत्ता सहसा १९२.१६८ किंवा १० ने सुरू होतो आणि गेटवे म्हणजे आपला राउटर. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर संगणकाने पत्ता मागूनही राउटरकडून उत्तर आलेले नाही आणि त्याने स्वतःच एक कामचलाऊ पत्ता घेतला आहे, असे समजावे. ‘मीडिया डिस्कनेक्टेड’ असे दिसल्यास ती ओळ कोणत्या जोडणीखाली आहे ते पाहावे. वाय-फाय वापरणाऱ्या संगणकावर केबलच्या जोडणीखाली ते दिसणारच. केबलने जोडलेल्या संगणकावर मात्र आधी केबल तपासावी, स्विचवरील (सर्व केबल एकत्र जोडणाऱ्या पेटीवरील) त्या पोर्टचा, म्हणजे केबल खोचायच्या जागेचा, दिवा लागतो का ते पाहावे आणि दुसरी केबल लावून बघावी. त्यानंतरही १६९.२५४ कायम राहिल्यास ‘आयपीकॉन्फिग’पुढे जागा सोडून तिरकी रेघ (/) आणि तिला जोडून ‘रिन्यू’ (आर-ई-एन-ई-डब्ल्यू) लिहावे. ही आज्ञा नवा पत्ता मागते, त्यामुळे आमचा तंत्रज्ञ दूरस्थ जोडणीवर काम करत असताना ती देऊ नये. ज्या संगणकावर बिलिंगचा डेटा आहे, त्याचा पत्ता आम्ही बहुधा कायमचा बांधून दिलेला असतो. तेथे सेटिंगला हात लावू नये ही विनंती.

दुसरी आज्ञा ‘पिंग’, म्हणजे पी-आय-एन-जी. माईक म्यूस यांनी १९८३ च्या डिसेंबरात लिहिलेला हा छोटा प्रोग्रॅम आजही तपासणीत सर्वांत आधी वापरला जातो. ‘पिंग’पुढे गेटवेचा पत्ता लिहिल्यास विंडोज चार संदेश पाठवते आणि प्रत्येकाचे उत्तर किती मिलिसेकंदांत आले ते दाखवते. केबलवर हा वेळ साधारणपणे एक मिलिसेकंदाहून कमी असतो, तर वाय-फायवर थोडा जास्त. येथे एक फसवी गोष्ट आहे. काही वेळा ‘रिप्लाय फ्रॉम’ अशी ओळ दिसते, पण तिच्या शेवटी ‘डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल’ असते आणि तीत दिलेला पत्ता आपल्याच संगणकाचा असतो. विंडोज अशा ओळींनाही मिळालेले उत्तर समजते आणि शेवटी शून्य टक्के तूट दाखवते. म्हणून केवळ टक्केवारी पाहू नये, प्रत्येक ओळ वाचावी.

गेटवे उत्तर देत असेल, तर ‘पिंग ८.८.८.८’ करावे. हा गूगलच्या नाव शोधून देणाऱ्या सर्व्हरचा पत्ता आहे. गेटवे उत्तर देतो पण हा पत्ता देत नाही, अशी स्थिती असल्यास दोष बहुतेक बाहेरच्या लाइनमध्ये असतो आणि तक्रार पुरवठादाराकडे करावी. हा पत्ता उत्तर देतो, पण कोणतेच संकेतस्थळ उघडत नाही, अशी स्थिती असल्यास नाव शोधण्यात अडचण असावी. तेव्हा ‘एनएसलुकअप’ (एन-एस-एल-ओ-ओ-के-यू-पी) या आज्ञेपुढे संकेतस्थळाचे नाव लिहावे आणि नंतर तीच आज्ञा शेवटी ८.८.८.८ जोडून पुन्हा द्यावी. दुसऱ्या वेळीच उत्तर मिळाले, तर सध्या वापरात असलेला नाव शोधणारा सर्व्हर नीट काम करत नाही. तो बदलण्याचे काम आम्ही फोनवर सांगून करून घेऊ शकतो.

सर्वाधिक त्रास देणारा दोष मात्र अधूनमधून येणारा असतो, कारण तंत्रज्ञ येतो तेव्हा सर्व सुरळीत चालू असते. यासाठी दोन काळ्या खिडक्या शेजारी शेजारी उघडाव्यात. एकीत ‘पिंग’, मग हायफन-टी आणि गेटवेचा पत्ता लिहावा, दुसरीत तसेच ८.८.८.८ लिहावे. हायफन-टीमुळे संदेश थांबवेपर्यंत जात राहतात. कंट्रोल आणि सी एकत्र दाबल्यास ते थांबतात. ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ दोन्ही खिडक्यांत एकाच वेळी आले, तर दोष केबल, वाय-फाय, स्विच किंवा राउटर यांत आहे. फक्त दुसरीत आले, तर तो राउटरच्या पलीकडे आहे. विंडोजचे पिंग वेळ नोंदवत नाही, त्यामुळे घड्याळातील वेळ आपणच कागदावर लिहून ठेवावी. फक्त वाय-फायवरच आणि ठरावीक वेळीच तुटत असेल, तर जवळ मायक्रोवेव्ह ओव्हन चालू असतो का तेही पाहावे, कारण तो आणि २.४ गिगाहर्ट्झचे वाय-फाय एकाच लहरीपट्ट्यात काम करतात.

‘ट्रेसर्ट’ (टी-आर-ए-सी-ई-आर-टी) ही आज्ञा तिच्यापुढे लिहिलेल्या पत्त्यापर्यंतच्या वाटेतील टप्पे दाखवते, कमाल तीस. तिचा अर्थ लावण्यात पुष्कळ चुका होतात. मधल्या एखाद्या टप्प्यापुढे केवळ तारांकने दिसली आणि पुढचे टप्पे उत्तर देत असतील, तर तेथे दोष नाही. तो राउटर अशा विचारणेला उत्तर देत नाही, इतकेच. वेळ वाढलेला दिसला तरी लगेच तक्रार करू नये. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, त्यामुळे मुंबईहून अमेरिकेतील सर्व्हरपर्यंत जाऊन येण्यास दोनशे मिलिसेकंद किंवा अधिक लागणे स्वाभाविक आहे.

शेजारच्या टेबलावरील संगणकाने पिंगला उत्तर न दिल्यास तो बंदच आहे असे समजू नये, कारण विंडोजची फायरवॉल अशा संदेशांना बऱ्याचदा अडवते. पिंग केल्यावर लगेच ‘एआरपी’, जागा, हायफन-ए ही आज्ञा द्यावी. त्या यादीत संगणकाचा पत्ता आणि त्यापुढे अक्षरे-आकड्यांच्या सहा जोड्या दिसल्या, तर तो नेटवर्कवर आहे.

आम्हाला कळवताना खिडकीतील मजकूर माउसने निवडून एंटर दाबावे, म्हणजे तो कॉपी होतो, आणि तो तसाच व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवावा. मोबाइलने काढलेल्या स्क्रीनच्या फोटोत आकडे अनेकदा वाचता येत नाहीत. दोष एकाच संगणकावर आहे की सर्वांवर, तो कधीपासून आहे, आणि त्याआधी राउटर, केबल किंवा सॉफ्टवेअर यांपैकी काही बदलले होते का, एवढी माहिती सोबत लिहावी. हा मजकूर सार्वजनिक ग्रुपवर टाकू नये, कारण त्यात आपल्या कार्यालयाच्या नेटवर्कचे तपशील असतात.