ऑफ-रोड वाहनचालन (गोवा)

पक्का रस्ता सोडून माळ, ओहोळ किंवा रानवाटेवर हौसेखातर जीप, क्वाड बाइक वा डर्ट बाइक चालवणे. गोव्यात ही हौस सत्तरी, धारबांदोडा, सांगे, काणकोण या तालुक्यांत आणि जांभ्या दगडाच्या सड्यांवर (उघड्या पठारांवर) दिसते.

डांबर संपले तरी मालकी संपत नाही. सडा कोमुनिदादीचा (गावाच्या सामाईक जमिनी सांभाळणाऱ्या जुन्या संस्थेचा), खासगी किंवा वनखात्याचा निघतो आणि परवानगी त्या त्या मालकाचीच लागते. पंचसदस्याच्या तोंडी होकाराने भागत नाही. खाजनाचे (खाडीकाठच्या सखल शेतजमिनीचे) बांध तर निषिद्धच मानावेत. नुसती पायवाट वाटणारा हा मातीचा बांध भरतीचे खारे पाणी अडवून धरतो. चाकोऱ्यांत पाणी साचून तो खचला, की खार भातशेतात शिरते आणि नुकसान एका हंगामावर थांबत नाही. सड्यावरच्या खडीत टिटवी अंडी घालते. ती चालणाऱ्याला दिसत नाहीत, तर गाडीवाल्याला कुठून दिसणार?

मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 39 नुसार नोंदणीविना वाहन चालवता येत नाही. बहुतेक क्वाड बाइक रस्त्यासाठी नोंदलेल्याच नसतात. त्या टेम्पोत घालून नेतात आणि कुंपणाआडच्या खासगी ट्रॅकवर चालवतात. अठरा वर्षांखालील मुलाच्या हाती गाडी दिल्यास कलम 199अ प्रमाणे पालकाला वा मालकाला 25,000 रुपये दंड आणि 3 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. किनाऱ्यावर गाडी घालण्यास बंदी आहे. मोरजी, मांद्रे, आगोंद व गालजीबाग येथे सागरी कासवे अंडी घालतात, आणि पिल्ले चाकोरीत अडकतात. तरीही वाळूत रुतलेल्या भाड्याच्या गाड्यांच्या बातम्या येतच राहतात. अभयारण्यात शिरायला वन्यजीव (संरक्षण) कायदा, 1972 खाली परवाना हवा. म्हणूनच कुळेहून अभयारण्यातल्या दूधसागर धबधब्याला स्वतःची गाडी नेता येत नाही, परवानाधारक स्थानिक जीपनेच जावे लागते. पावसाळ्यात हा मार्ग बंद असतो.

क्वाड बाइक चार चाकांची असली तरी उतारावर सहज उलटते. एकट्यासाठी बनवलेल्या गाडीवर मागे कुणाला बसवू नये, हेल्मेट घालावे. पावसात सडा शेवाळाने निसरडा होतो, उन्हाळ्यात सुटी खडी चाकाखालून सरकते. जीपचा फोर-व्हील (चारही चाकांना जोर देणारा) गिअर चढ लागण्यापूर्वीच टाकावा. उतरताना पहिला गिअर ठेवून क्लच सोडावा, गाडी इंजिनच्या जोरावर सावरते. ओहोळ ओलांडण्याआधी उतरून पाण्याची खोली पाहावी, मध्येच गिअर बदलू नये. पलीकडे पोचल्यावर ब्रेक दोन-तीनदा हलके दाबून सुकवावेत.