बिल महिन्याचं, खर्च सेकंदाचा

फेब्रुवारीचं क्लाउडचं, म्हणजे भाड्याने घेतलेल्या सर्व्हरचं, बिल आणि मार्चचं बिल शेजारी शेजारी ठेवा. या काळात एकही सर्व्हर वाढलेला नाही, कामाचा बोजाही तेवढाच आहे, तरी मार्चचा आकडा १०.७ टक्क्यांनी चढलेला दिसेल. सर्व्हर २८ दिवसांऐवजी ३१ दिवस चालले, एवढंच झालंय. पण टक्केवारीच्या रकान्यात ही वाढ लाल रंगात उमटते, कुणीतरी तिचं कारण विचारतं आणि कुणाचे तरी दोन दिवस ते शोधण्यात जातात. एप्रिलला ३० दिवस, म्हणून आकडा पुन्हा जरा खाली येतो.

महिना हे हिशेबखात्याच्या सोयीचं माप आहे. यंत्राला महिना कळत नाही. क्लाउड कंपन्या स्वतः दरपत्रकात महिना म्हणजे ७३० तास धरतात, म्हणजे वर्षाचे ८,७६० तास भागिले १२. प्रत्यक्षात असा ७३० तासांचा महिना कॅलेंडरमध्ये कुठेच नाही. म्हणून महिन्यांची तुलना करायचीच असेल, तर आधी बिलाला दिवसांच्या संख्येने भागावं. निम्मे गैरसमज तिथेच संपतात. उरलेले निम्मे मात्र जास्त खोल आहेत, कारण क्लाउडचा खर्च एकाच घड्याळावर चालत नाही. मिलिसेकंद, तास, आठवडा, तीन वर्षं, अशी अनेक घड्याळं एकाच बिलात एकमेकांवर रचलेली असतात. कोणत्या घड्याळाकडे पाहून निर्णय घेतला, यावर तो निर्णय फायद्याचा की तोट्याचा हे ठरतं.

यातल्या सर्वांत बारीक घड्याळाला इतिहास आहे. ॲमेझॉनने २००६ साली ईसीटू ही सर्व्हर भाड्याने देणारी सेवा आणली तेव्हा छोट्या सर्व्हरचा दर तासाला १० सेंट होता आणि अर्धवट तास पूर्ण धरला जाई. दहा मिनिटांसाठी सर्व्हर सुरू केला तरी पैसे तासाचे. त्यामुळे सर्व्हरची संख्या गरजेनुसार आपोआप कमीजास्त करणाऱ्या ऑटोस्केलिंगमध्ये एक खास नियम होता: सर्व्हर कमी करायचा झाला, तर ज्याचा पैसे भरलेला तास संपत आलाय तो आधी बंद करायचा. भरलेल्या पैशांतलं एकही मिनिट वाया जाऊ नये, हा हिशेब. २०१७ मध्ये ॲमेझॉन आणि गूगल या दोघांनीही सेकंदावर आकारणी सुरू केली, किमान एक मिनिट धरून. या नियमाचं कारणच गेलं.

ॲमेझॉनच्याच लॅम्डा या सेवेची गोष्ट याहून बोलकी आहे. या सेवेत सर्व्हर घ्यायचाच नसतो. आपला छोटा प्रोग्रॅम, म्हणजे फंक्शन, जितका वेळ चालेल तितक्याचेच पैसे. २०२० च्या डिसेंबरपर्यंत हा वेळ १०० मिलिसेकंदांच्या पटीत वर ओढून मोजला जाई. १०५ मिलिसेकंद चालणाऱ्या फंक्शनला २०० चे पैसे पडत. एखाद्याने मेहनत करून १८० मिलिसेकंदांचं काम ११० वर आणलं, तर बिलात एका सेंटचाही फरक नाही. आणि १०५ चं ९९ केलं की बिल थेट निम्मं! मग मोजमाप एक मिलिसेकंदावर आलं आणि केलेल्या प्रत्येक सुधारणेचं चीज होऊ लागलं. मापाची पट्टी बदलली की कोणतं काम करण्याजोगं आहे हेच बदलतं, याचं इतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

आता तासाकडे येऊ. माझ्या मते सगळ्यात जास्त पैसा इथेच वाचतो किंवा बुडतो, म्हणून जरा सावकाश पाहू.

समजा, एका सेवेला दिवसाचे २० तास दोन सर्व्हर पुरतात आणि गर्दीच्या ४ तासांत १४ लागतात. सर्व्हरचा दर तासाला एक डॉलर धरू. गर्दीसाठी १४ सर्व्हर दिवसभर चालू ठेवले तर रोज ३३६ डॉलर. गरजेपुरते चालू-बंद केले तर २० तासांचे ४० आणि ४ तासांचे ५६, मिळून ९६ डॉलर. इथवर सोपं आहे. पुढे क्लाउड कंपनी म्हणते, वर्षभराचा करार करा, ४० टक्के सूट देतो. कराराचा सर्व्हर तासाला ६० सेंट, पण तो वापरा अथवा वापरू नका, पैसे २४ तासांचे. किती सर्व्हरचा करार करावा?

रोजचा आलेख पाहणारा माणूस म्हणेल, दिवसाला ९६ सर्व्हर-तास लागतात, २४ ने भागले की सरासरी ४. तर चार सर्व्हरचा करार करू. उत्तर पटण्यासारखं वाटतं. हिशेब करू. चार सर्व्हर, २४ तास, ६० सेंटने ५७.६० डॉलर. गर्दीच्या ४ तासांत आणखी १० सर्व्हर पूर्ण दराने, म्हणजे ४० डॉलर. एकूण ९७.६०. करार केलाच नसता तर ९६ लागले असते. ४० टक्के सूट घेऊन खर्च वाढला! कारण चारांपैकी दोन सर्व्हर रोज २० तास रिकामे बसले. तासाचा आलेख समोर असता तर दोनच सर्व्हरचा करार झाला असता: त्याचे २८.८० आणि गर्दीतल्या १२ सर्व्हरचे ४८, एकूण ७६.८० डॉलर.

सरासरी ४ हा आकडा खोटा नाही, पण दिवसात चार सर्व्हर चालू आहेत असा एकही क्षण नाही. विचारायचा प्रश्न वेगळा आहे: पहिला सर्व्हर दिवसाचे किती तास लागतो, दुसरा किती, तिसरा किती? ४० टक्के सवलतीच्या करारात सर्व्हर दिवसाला १४ तास २४ मिनिटांपेक्षा जास्त वापरात असेल तरच करार परवडतो. पहिले दोन २४ तास लागतात, तिसरा फक्त चार. रेघ दोनावरच पडते. ॲमेझॉनने २०१९ मध्ये आणलेले सेव्हिंग्ज प्लॅन हे सवलतीचे करार तर उघडपणे ‘तासाला इतके डॉलर’ याच भाषेत असतात. एका तासात न वापरलेली रक्कम पुढच्या तासात ओढता येत नाही. गंमत म्हणजे ॲमेझॉनच्या कॉस्ट एक्सप्लोरर या खर्च दाखवणाऱ्या साधनात तासावारी आकडे मुद्दाम सुरू करावे लागतात आणि ते मागच्या १४ दिवसांचेच दिसतात. वर्षाचा करार करण्याआधी ते सुरू करून दोन आठवडे नुसतं पाहत बसणं, हा मी कुणालाही देईन असा पहिला सल्ला आहे.

सरासरी शिखर लपवते, तसं मोजण्याची पद्धत शिखर माफही करू शकते. डेटा सेंटरना नेटवर्कची जोडणी विकताना ‘९५ वा शततमक’ ही पद्धत सर्रास वापरली जाते. दर पाच मिनिटांनी वाहतुकीची नोंद घ्यायची; ३० दिवसांत अशा ८,६४० नोंदी होतात. त्या चढत्या क्रमाने लावायच्या, वरच्या ५ टक्के, म्हणजे ४३२ नोंदी सोडून द्यायच्या आणि उरलेल्यांतली सर्वांत मोठी धरून बिल करायचं. ४३२ नोंदी म्हणजे बरोबर ३६ तास. महिन्यात मिळून ३० तास वाहतूक कितीही उसळली तरी बिलाला तिचा धक्काही लागत नाही. तीच उसळी ४० तास टिकली की सगळा महिना तिच्या दराने मोजला जातो.

मिनिटांच्या घड्याळावरचा एक व्यवहार जाता जाता सांगायला हवा. कंपनीकडे रिकामे पडलेले सर्व्हर ‘स्पॉट’ म्हणून मोठ्या सवलतीत मिळतात, पण कंपनीला गरज पडली की ते काढून घेतले जातात. ॲमेझॉन दोन मिनिटं आधी कळवते. ज्या कामाला मध्येच थांबून, झालेलं जतन करून, नंतर पुन्हा सुरू होता येतं, त्याच्यासाठी हा दर फार चांगला.

आठवड्याचं घड्याळ सोपं, आणि म्हणूनच दुर्लक्षित. आठवड्यात १६८ तास असतात. चाचणीसाठीचे सर्व्हर कामाच्या पाच दिवसांत रोज १० तास लागत असतील तर ५० तास पुरे. उरलेले ११८ तास, म्हणजे ७० टक्के खर्च, कुणीही वापरत नसलेल्या यंत्रांचा. रोजच्या आलेखात शनिवार-रविवारी खड्डा दिसायला हवा. तो दिसत नसेल तर कुठेतरी काहीतरी बंद करायचं राहून गेलंय. अशी वेळापत्रकं लावताना एक ध्यानात ठेवावं: बिलातला दिवस बहुधा ‘यूटीसी’ या जागतिक वेळेनुसार बदलतो, आपल्या घड्याळानुसार नाही. त्यामुळे रात्रीचं एकच काम दोन तारखांत विभागलेलं दिसू शकतं.

आता सगळ्यात धोकादायक भाग. खर्च सेकंदाला होतो, पण तो कळतो उशिरा. खर्चाची माहिती कंपनीच्या वेगवेगळ्या सेवांतून गोळा होऊन, दर लागून मगच दिसते. कॉस्ट एक्सप्लोररमधले आकडे २४ तासांत किमान एकदा ताजे होतात, एवढीच हमी असते. समजा, एका स्टोरेज बकेटमध्ये, म्हणजे फाइली ठेवायच्या जागेत, फोटो आला की त्याची छोटी प्रत बनवणारं फंक्शन लिहिलं आणि चुकून ती प्रतही त्याच बकेटमध्ये ठेवली. नवी फाइल आली म्हणून फंक्शन पुन्हा जागं होतं, प्रतीची प्रत बनवतं, ती पुन्हा तिथेच. मूळ फोटो येत राहिले की चक्रांची संख्या वाढत जाते. लॅम्डात एका खात्याला साधारणपणे एका वेळी १,००० फंक्शन चालवायची मर्यादा असते. प्रत्येकाला एक जीबी मेमरी दिली असेल, तर जीबी-सेकंदाला, म्हणजे एक जीबी मेमरी एक सेकंद वापरण्याला, सुमारे ०.००१६७ सेंट या दराने ही हजार फंक्शन तासाला ६० डॉलर खातात. दिवसाला १,४४०. बजेट ओलांडल्याची ईमेल येईपर्यंत बैल गेलेला असतो, मग झोपा करून उपयोग काय?

नियंत्रणशास्त्राचा हा जुना नियम आहे: बिघाड ज्या वेगाने वाढतो, त्याहून मंद मोजमापाने तो आवरता येत नाही. म्हणून अशा ठिकाणी पैशांकडे पाहत बसू नये. फंक्शन मिनिटाला किती वेळा जागं झालं हा आकडा मिनिटामिनिटाला मिळतो. इशारा त्यावर लावावा. एका वेळी किती फंक्शन चालतील यावर आपणच कमी मर्यादा घालावी. २०२३ मध्ये अशी चक्रं ओळखून साधारण १६ फेऱ्यांनंतर थांबवण्याची सोय लॅम्डात आली, पण सुरुवातीला ती मोजक्याच सेवांपुरती होती.

वर्षांच्या घड्याळावर अडचण उलटी असते. तिथे घाई नसते, पण पैसा कोणत्या दिवसाचा म्हणायचा हेच ठरत नाही. तीन वर्षांच्या कराराचे सगळे पैसे आधी भरले, तर रोख खर्चाच्या आलेखात त्या दिवशी एक सुळका दिसतो आणि पुढची तीन वर्षं सर्व्हर फुकट चालल्यासारखे वाटतात. तीच रक्कम १,०९५ दिवसांवर पसरली की प्रत्येक दिवसाची खरी किंमत दिसते. दोन्ही आलेख खरे आहेत. पहिला तिजोरी सांभाळणाऱ्यासाठी, दुसरा यंत्रणा बांधणाऱ्यासाठी. क्लाउड बिलांसाठी २०२४ मध्ये पहिली पक्की आवृत्ती निघालेल्या ‘फोकस’ या सामायिक मांडणीत म्हणूनच बिलातला खर्च आणि प्रभावी खर्च असे वेगळे रकाने आहेत. याच लांब घड्याळावर ड्रॉपबॉक्सने आपल्या वापरकर्त्यांच्या बहुतेक फाइली ॲमेझॉनकडून स्वतःच्या यंत्रणेवर हलवल्या. २०१८ मध्ये शेअर बाजारात येताना कंपनीने दिलेल्या माहितीनुसार त्यामुळे दोन वर्षांत सुमारे साडेसात कोटी डॉलर वाचले. महिन्याच्या बिलाकडे पाहून असा निर्णय कुणी घेतला नसता, कारण स्वतःचे सर्व्हर विकत घेण्याचा महिना नेहमीच महागडा दिसतो.

राहिलं स्टोरेज. थेंबे थेंबे तळे साचे हे इथे शब्दशः घडतं. एखादी यंत्रणा रोज १० जीबी लॉग, म्हणजे स्वतःच्या कामाच्या नोंदी, लिहिते. एस-थ्री या ॲमेझॉनच्या साठवणुकीचा अमेरिकेच्या पूर्व विभागातला नेहमीचा दर जीबीला महिन्याला २.३ सेंट. पहिल्या दिवसाची भर महिन्याला २३ सेंटची. इतक्या रकमेवर बैठक घेणार कोण? पण काहीच पुसलं नाही तर पहिल्या वर्षाचा खर्च सुमारे ५०४ डॉलर, दुसऱ्या वर्षाचा १,५११, तिसऱ्या वर्षाचा २,५१९. प्रमाण १, ३, ५. खाली पडणारी वस्तू एकापाठोपाठच्या समान कालखंडांत किती अंतर कापते, याचं गॅलिलिओला सापडलेलं प्रमाण नेमकं हेच. तिथे वेग समान गतीने वाढतो, इथे साठा. एकूण खर्च वर्षांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो: १, ४, ९. रोजचा आलेख पाहणाऱ्याला मात्र एका दिवसात पाऊण सेंटाची वाढ दिसते, आणि ती इतर चढउतारांत बुडून जाते.

ॲमेझॉनच्या क्लाउडवॉच या लॉग साठवणाऱ्या सेवेत नवा लॉग ग्रुप बनवला की तो किती दिवस ठेवायचा या जागी आपोआप ‘कधीही पुसू नका’ असंच लिहिलेलं असतं. एस-थ्रीच्या बकेटवरही जुन्या फाइली काढायचा नियम आपण लावला तरच लागतो. आपल्या या १० जीबीवाल्या यंत्रणेत तो पहिल्या दिवशी लावला आणि ९० हा आकडा भरला, तर साठा ९० दिवसांत ९०० जीबीवर थांबतो आणि बिल महिन्याला २० डॉलर ७० सेंटवर. तिसऱ्या वर्षीही तेवढंच.