बटणवाली कवळी बसवताय? माप स्कॅनरनं द्यायचं की पेस्ट भरलेल्या ट्रेनं

आमची नागपूरच्या धंतोलीत छोटी डेंटल लॅब आहे, माप तुमचे डॉक्टर घेतात आणि कवळी आम्ही बनवतो. पण हल्ली पेशंटचेही फोन येतात आणि बहुतेकांचं म्हणणं एकच, "ते पेस्टवालं माप नको जी, कॅमेऱ्यानं घ्यायला सांगा, ते जास्त परफेक्ट राहते म्हणे." याला हो किंवा नाही असं एका शब्दात उत्तर नाही, म्हणून हे माहितीपत्रक.

आधी अटॅचमेंट, म्हणजे हे बटण, काय असते ते बघू. हाडात बसवलेला स्क्रू म्हणजे इम्प्लांट, त्याच्यावर मेटलचं छोटं डोकं, आणि कवळीच्या आतून एक मेटलची वाटी ज्यात नायलॉनची रिंग असते. ब्लाऊजच्या टिचबटणासारखं टक् करून बसतं. खाली एकही दात नसेल तर साधी कवळी जिभेनं उचलली जातेच, म्हणून तर 2002 मध्ये कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी सांगितलं की अशा पेशंटला खालच्या जबड्यात दोन इम्प्लांटवरची कवळी हाच पहिला पर्याय असावा.

आता मुख्य गोष्ट. बटण हाडात पक्कं असतं, पण बाकीची कवळी टेकते हिरडीवर आणि हिरडी चावताना दबते. म्हणजे कवळी एकच पण मापं दोन लागतात, एक कडक भागाचं आणि एक मऊ भागाचं.

कडक भागाला स्कॅनर खरंच भारी आहे. डॉक्टर इम्प्लांटवर स्कॅन बॉडी म्हणून एक छोटी खुंटी स्क्रूनं लावतात, कॅमेरा भराभर फोटो घेत ते एकमेकांना जोडत जातो आणि कुठे जागा सुटली तर स्क्रीनवर भोक दिसतं, तिथंच परत फिरवायचं, पूर्ण माप पुन्हा घ्यायची गरज नाही. फाईल आमच्याकडे लगेच येते आणि जपून ठेवता येते. थोडे दात शिल्लक असतील आणि अटॅचमेंट कॅपला जोडून करायची असेल तर त्या कॅपसाठी आम्ही स्वतःच डॉक्टरांना स्कॅन मागतो.

पण दात नसलेली हिरडी म्हणजे ओली, चकचकीत, सपाट. कॅमेऱ्याला फोटो जोडायला खूणच सापडत नाही आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत जाता जाता थोडा थोडा फरक वाढत जातो. शिवाय स्कॅनर हिरडी दाबून बघत नाही, आणि गालाचा, जिभेचा स्नायू कवळीच्या कडेला किती ओढतो हेही त्याला नीट टिपता येत नाही. ट्रेच्या मापात डॉक्टर कडेला ग्रीन स्टिक, म्हणजे गरम केली की मऊ होणारी कांडी, गरम करून लावतात आणि सांगतात ओठ पुढे काढा, जीभ बाहेर काढा, आता गिळा. पेशंटला हे उगाच वाटतं पण कवळीची कड ठरते ती यातूनच. कड लांब राहिली तर प्रत्येक घासाला स्नायू कवळी उचलणार आणि सगळा ताण त्या नायलॉनच्या रिंगवर येऊन ती लवकर झिजणार. म्हणून पूर्ण कवळी असेल तर आमचा सल्ला स्पष्ट आहे, इम्प्लांटचं स्कॅन चालेल पण हिरडीचं माप हातानंच घ्या. मशीन महाग आहे म्हणून माप आपोआप चांगलं येतं असं नाही हो.

हाताच्या मापातही फरक असतो. अल्जिनेट, म्हणजे ती पटकन घट्ट होणारी स्वस्त पेस्ट, तिच्यात बहुतेक पाणीच असतं. मे महिन्यात काटोल-उमरेडहून असं माप उघडं आलं तर रस्त्यातच आकसतं, त्यावर अटॅचमेंटचं काम आम्ही घेत नाही. त्याला सिलिकॉनचं मापच पाहिजे, ते बरेच दिवस आकार सोडत नाही.

ट्रे तोंडात गेला की उलटीची उबळ येते अशांनी डॉक्टरांना आधीच सांगा, त्यांच्यासाठी जितकं जमेल तितकं स्कॅनरनं करून घेता येतं. आणि खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण) खाऊन तोंड कमी उघडत असेल तर ट्रे जात नाही आणि मागच्या दाढांपर्यंत स्कॅनरचं टोकही अडकतं. तिथं मापाची घाई करू नका, आधी तोंडाची तपासणी करून घ्या, हा आजार पुढे कॅन्सरकडे जाऊ शकतो, आणि खर्रा आजच बंद करा.

शेवटचं, इम्प्लांट पुण्या-मुंबईत किंवा दुसऱ्या डॉक्टरांकडे बसवलं असेल तर त्याचं कार्ड शोधून ठेवा, ज्यावर कंपनी आणि साईझचं स्टिकर असतं. स्कॅन बॉडी आणि बटण दोन्ही त्याच कंपनीच्या मापाचे लागतात, कार्ड नसेल तर एक्सरे बघून इम्प्लांट ओळखत बसावं लागतं आणि काम लांबतं. जुनी कवळी पण सोबत न्या, तुटकी असली तरी चालेल.