हुजूर पक्षातील गटबाजी

ब्रिटनच्या कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षातील, म्हणजे मराठी वृत्तपत्रांनी मजूर पक्षाच्या जोडीला ‘हुजूर’ म्हटलेल्या पक्षातील, अंतर्गत गट आणि नेतेपदासाठीचे झगडे. परंपरेचा पुरस्कर्ता असलेला हा पक्ष आपल्या नेत्यांना मात्र फारसा जुमानत नाही.

मोठ्या फुटींचे मूळ बहुधा परदेशांशी असलेल्या व्यवहारात सापडते. १८४६ मध्ये पंतप्रधान रॉबर्ट पील यांनी आयात धान्यावरील जकातीचे कायदे रद्द केले. जमीनदार गट उलटला, पक्ष दुभंगला आणि पुन्हा स्पष्ट बहुमत मिळायला १८७४ साल उजाडले. १९०३ नंतर जकातीवरूनच पुन्हा तट पडले. १९०६ मध्ये दारुण पराभव झाला. पुढे जकातीची जागा युरोपशी किती जवळीक ठेवायची या वादाने घेतली. पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांच्या काळातील ‘ओले’ आणि ‘कोरडे’ हे गट मात्र सरकारी खर्चावरून पडले. ओले हे खर्चकपातीला विरोध करणाऱ्या मवाळांना चिडवण्यासाठी दिलेले नाव; कपातीचे कट्टर समर्थक ते कोरडे. त्यांनी ते मिरवलेही.

१९६५ पर्यंत नेत्याची रीतसर निवडणूक होत नसे; ज्येष्ठांच्या खलबतांतून तो ‘पुढे येई’. १९६३ मध्ये ॲलेक डग्लस-होम असेच आले आणि त्यावर इतकी टीका झाली, की खासदारांचे मतदान सुरू करावे लागले. त्या पद्धतीने निवडून आलेले पहिले नेते एडवर्ड हीथ. त्यांनाच १९७५ मध्ये मार्गारेट थॅचर यांनी हटवले.

या पक्षात मतदान जिंकणे म्हणजे वाचणे नव्हे. १९९० मध्ये मायकेल हेसेल्टाइन यांच्याविरुद्ध थॅचर यांना २०४ विरुद्ध १५२ मते पडली, पण नियमाने लागणाऱ्या आघाडीला चार मते कमी होती. मंत्र्यांनीच साथ सोडल्यावर त्या पायउतार झाल्या. १९९८ च्या नियमांनी १५ टक्के खासदारांच्या पत्रांवर अविश्वासाचे मतदान ठेवले. पत्रे पक्षाच्या खासदारांच्या ‘१९२२ समिती’ या संघटनेच्या अध्यक्षाकडे जातात आणि किती जमली हे तो बोलत नाही. नेत्यांची झोप उडवायला एवढे पुरते. पंतप्रधान थेरेसा मे २०१८ मध्ये २००–११७ अशा जिंकल्या, सात महिन्यांत गेल्या. त्यांच्यानंतरचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन जून २०२२ मध्ये २११–१४८ असे जिंकले, महिनाभरात मंत्र्यांच्या राजीनाम्यांची रांग लागली आणि त्यांनाही राजीनामा जाहीर करावा लागला.

१९९८ च्या त्याच नियमांनी खासदारांच्या मतदानातून उरलेल्या शेवटच्या दोघांतून निवड पक्षाच्या सामान्य सदस्यांकडे सोपवली. खासदारांची पसंती एक, सदस्यांची दुसरी, असा नवा पेच त्यातून आला. २०२२ मध्ये खासदारांच्या प्रत्येक फेरीत ऋषी सुनक पुढे होते, सदस्यांनी ८१,३२६ विरुद्ध ६०,३९९ मतांनी लिझ ट्रस यांना निवडले. दीड महिन्यात ट्रस यांनी राजीनामा दिला. या वेळी उमेदवारीसाठी १०० खासदारांच्या पाठिंब्याची अट घातली गेली. ती एकट्या सुनक यांनी पूर्ण केली आणि सदस्यांपर्यंत मतपत्रिका गेलीच नाही.