गाठीत रक्तस्राव झाला म्हणजे कॅन्सर झाला का?
'कानाच्या नसेवरच्या साध्या गाठीत रक्तस्राव झाला, म्हणजे तिचा कॅन्सर झाला,' हा समज जुना आहे. भीती स्वाभाविक आहे, पण समज चुकीचा.

ऐकणं आणि तोल सांभाळणाऱ्या आठव्या मज्जातंतूभोवतीचं आवरण बनवणाऱ्या 'श्वान' (Schwann) नावाच्या पेशींपासून ही गाठ बनते. ती सहसा सावकाश वाढते. क्वचित आतल्या पातळ, नाजूक रक्तवाहिन्या फुटतात आणि रक्त साचतं. मोठ्या किंवा द्रवाच्या पोकळ्या असलेल्या गाठींत हे जास्त आढळतं. पेशी मात्र साध्याच राहतात.

पडताळायचं कसं? एमआरआयमध्ये रक्ताच्या खुणा दिसतात. पेशींचं स्वरूप मात्र काढलेल्या गाठीच्या पॅथॉलॉजी रिपोर्टवरूनच पक्कं कळतं.

साधी म्हणून दुर्लक्षही नको. अचानक तीव्र डोकेदुखी, उलट्या, चेहरा वाकडा होणं किंवा एकदम ऐकू न येणं, यांपैकी काहीही झालं तर लगेच रुग्णालयात जा.