माइक वेब्स्टर यांचा मेंदू

अमेरिकन फुटबॉलमध्ये प्रत्येक चालीत चेंडूला सर्वांत आधी हात लावणारा सेंटर प्रेक्षकांच्या फारसा लक्षात राहत नाही. आघाडीच्या पाच जणांच्या रांगेत तो मधोमध वाकून उभा असतो, दोन पायांमधून चेंडू मागच्या क्वार्टरबॅककडे, म्हणजे चाल चालवणाऱ्या खेळाडूकडे, सोपवतो आणि त्याच क्षणी समोरून मुसंडी मारणाऱ्या, शंभर किलोंहून अधिक वजनाच्या गड्याला अंगावर घेतो. एका सामन्यात हे साठेक वेळा घडते. शिवाय सराव वेगळाच.

विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या संघातून आलेल्या माइक वेब्स्टर यांना १९७४ मध्ये पिट्सबर्ग स्टीलर्स या व्यावसायिक संघाने नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत पाचव्या फेरीत निवडले. कडाक्याच्या थंडीतही उघड्या दंडांनी खेळणाऱ्या या सेंटरने स्टीलर्सबरोबर चार सुपर बोल, म्हणजे व्यावसायिक लीगचे अंतिम सामने, जिंकले आणि शेवटचे दोन हंगाम कॅन्सस सिटीकडून खेळून, १७ हंगामांत २४५ सामन्यांनंतर १९९० मध्ये निवृत्ती घेतली. पुढच्या वर्षांची कहाणी मात्र वाचताना जिवाला लागते. स्मरणशक्ती ढासळली, पैसा गेला, कधी कधी मुक्काम स्वतःच्या पिकअप ट्रकमध्ये असे, आणि झोप लागावी म्हणून ते विजेचा झटका देणारे स्टनगन अंगाला लावून घेत. २००२ च्या सप्टेंबरमध्ये, वयाच्या ५० व्या वर्षी, हृदयविकाराने त्यांचे निधन झाले.

शवविच्छेदन नायजेरियात जन्मलेले डॉ. बेनेट ओमालू यांनी केले. मेंदू बाहेरून अगदी निरोगी दिसत होता. तिथेच थांबले असते तरी कोणी नावे ठेवली नसती. त्यांनी तो जपून ठेवला, त्याचे पातळ छेद रंगवून घेतले, आणि सूक्ष्मदर्शकाखाली चेतापेशींमध्ये तपकिरी गुंते दिसले.

हे गुंते टाऊ नावाच्या प्रथिनाचे असतात. चेतातंतूच्या आत सूक्ष्म नलिका असून त्यांना बांधून ठेवण्याचे काम टाऊ करते. डोक्याला हिसका बसला की कवटी थांबते, पण आतला मऊ मेंदू पिळवटतो, तंतू ताणले जातात, आणि असे वारंवार झाल्यास टाऊ नलिकांपासून सुटून गोळा होऊ लागते. मेंदूच्या वळ्यांच्या तळाशी, जिथे ताण सर्वाधिक पडतो, तिथल्या बारीक रक्तवाहिन्यांभोवती ते प्रथम साचते. या आजाराला क्रॉनिक ट्रॉमॅटिक एन्सेफॅलोपथी, थोडक्यात सीटीई, म्हणतात. मुष्टियोद्ध्यांमध्ये अशा लक्षणांचे वर्णन १९२८ सालीच झाले होते. व्यावसायिक फुटबॉलपटूमधील पहिली नोंद म्हणून वेब्स्टर यांचे प्रकरण २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढच्या वर्षी दुसरे आले ते टेरी लाँग यांचे. तेही स्टीलर्सचे लाइनमनच, म्हणजे सेंटरसारखे आघाडीच्या रांगेतले खेळाडू.

हा योगायोग नसावा, असे मला वाटते. खेळाडू बेशुद्ध पडतो ती धडक सर्वांना दिसते. लाइनमनला मात्र मुख्यतः असे लहान हिसके बसतात की तो लगेच पुढच्या चालीला उभा राहतो. २०२३ मध्ये ६३१ दिवंगत फुटबॉलपटूंच्या मेंदूंचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात कन्कशनच्या, म्हणजे मेंदूला बसलेल्या धक्क्याच्या, नोंदींची नुसती संख्या सीटीईचा अंदाज देऊ शकली नाही. कारकिर्दीत डोक्याने सोसलेल्या एकूण आघातांचा संबंध मात्र स्पष्ट दिसला. म्हणजे हिशेब व्यावसायिक करारापासून नव्हे, तर शाळा-कॉलेजच्या मैदानापासून मांडावा लागतो.

लीग आणि खेळाडू संघटना यांच्यातील २०११ च्या करारानुसार व्यावसायिक लीगमध्ये मुख्य हंगामात पूर्ण पॅड बांधून करायचे सराव १४ वर आणले गेले, आणि आघात कमी करण्याचा हा सर्वांत सरळ मार्ग आहे. निदान मात्र अजूनही मृत्यूनंतर, मेंदूचे छेद तपासूनच पक्के होते. त्यामुळे आज निवृत्त होणाऱ्या सेंटरला, आपल्या मेंदूत टाऊचे गुंते आहेत की नाहीत, हे कोणताही डॉक्टर खात्रीने सांगू शकत नाही.